ऐकत नाही, विचार करते

‘मादी कशाला आणली गं?’

चंद्री आमच्या घरी आली, त्या आठवड्यात हा प्रश्न मला कॉलनीतल्या निदान आठ-दहा जणींनी विचारला असेल. विचारणाऱ्या सगळ्या बायकाच, ही त्यातली गंमत! दोन महिन्यांचं, सायीच्या रंगाचं, नुसते पाय आणि नाक असलेलं ते पिल्लू माझ्या ओढणीत बसून त्यांच्याकडे टकमक बघत होतं. एकीने तर मला बाजूला घेऊन समजावलं, ‘नर घ्यायचा हो वहिनी. नर ऐकतो. मादी म्हणजे डोक्याला ताप, वरून पिलांची कटकट.’

खरं सांगायचं तर निवड माझ्या हातात नव्हतीच. माझे दीर जतहून येताना पिल्लू घेऊन आले. त्या वेतातले चारही नर आधीच ठरलेले होते, उरली होती ती ही एकटी. ‘वहिनी, राहिली होती, म्हणून घेऊन आलो,’ म्हणाले. आता तिला सहा वर्षं होतील. कॉलनीत सगळे तिला ‘फीमेल’ म्हणतात. ‘कुत्री’ म्हणायला जीभ अडते ना! तो शब्द आपण बायकांना शिवी द्यायला वापरून ठेवलाय, मग खऱ्या कुत्रीसाठी इंग्रजीतून शब्द मागवावा लागतो. असो.

माझं माहेर वरोऱ्याचं, सासर सांगली जिल्ह्यातल्या जतकडचं आणि संसार गडचांदूरला. नवऱ्याची नोकरी सिमेंट कारखान्यात. आमचा हा कोरपना तालुका म्हणजे चुनखडीच्या खाणी, ट्रकांच्या रांगा आणि कितीही पुसलं तरी दुपारपर्यंत पुन्हा खिडकीत बसणारी पांढरी धूळ. पण कॉलनीच्या भिंतीपलीकडे गेलं की कापूस आणि तुरीची शेतं लागतात, पुढे अमलनाला धरण आणि मागे माणिकगडचे डोंगर. म्हणजे एका बाजूला धुराडी आणि दुसऱ्या बाजूला जंगल. या दोहोंच्या मध्ये आम्ही, आणि आमच्यात ही.

चंद्री कारवानी जातीची आहे. इंग्रजीत कॅरॅव्हान हाउंड म्हणतात, कुणी मुधोळ हाउंड म्हणतात. कानाला आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असले की ती पश्मी. फार पूर्वी मध्य आणि पश्चिम आशियातून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर जी शिकारी कुत्री आली, त्यांचा हा वंश असं मानतात. तांडा म्हणजे कारवान, म्हणून कारवानी. सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडच्या गावांत आणि सीमेपलीकडे बागलकोट, विजापूर भागात ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुधोळ आज कर्नाटकात असलं तरी संस्थान आपल्या घोरपड्यांचं. तिथल्या मालोजीराजांनी या कुत्र्यांची पैदास नीट जपली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली, असं सांगतात. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. पुढे सैन्याच्या मेरठच्या केंद्रातही मुधोळची पिल्लं शिकायला गेली. माझ्या सासरी मात्र या कुत्र्यांचं कुणालाच काही कौतुक नव्हतं. गोठ्यात बैल तसं ओट्यावर कारवानी, एवढंच. सासरे लहानपणी मोठ्यांबरोबर माळावर सशामागे जायचे. १९७२ चा कायदा आला आणि ते सगळं बंद झालं.

या कायद्याचं पुढे सांगणारच आहे. आधी तिच्या स्वभावाचं सांगते.

घरात पहिल्यांदा लक्षात आलं ते असं, की चंद्रीला हाक मारली तर ती येत नाही. बहिरी नाही हं! डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज तिला मागच्या अंगणात ऐकू येतो. ‘चंद्री, ये’ म्हटलं की ती मान वळवून बघते. मग एक पाय पुढे ताणते, मग दुसरा. मग जांभई. तुमचं काम खरंच महत्त्वाचं आहे का याचा अंदाज घेते आणि पटलं तर येते. माझ्या मुलाने हौसेने चेंडू आणला. त्याने फेकला, तिने चेंडूकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि जागची हलली नाही. तूच फेकलास, तूच आण! शेवटी तो बिचारा वीस वेळा स्वतःच फेकून स्वतःच आणत होता आणि ही सावलीत बसून बघत होती.

पाहुण्यांनी डोक्यावरून हात फिरवायला जावं तर ती मान बाजूला घेते. चावत नाही, गुरगुरत नाही, फक्त सरकते. पण तेवढ्यानेही लोकांना अपमान वाटतो. ‘माणसाळलेली नाही वाटतं अजून,’ असं एक मामेसासरे म्हणाले होते. मला आपल्याकडच्या मुली आठवल्या. आल्या-गेल्याने गालगुच्चा घ्यायचा आणि तिने हसायचं! तोंड फिरवलं की ‘अगं बाई, किती शिष्ट’. मी स्वतः बारा गावच्या पाहुण्यांकडून ‘हट्टी’ हे विशेषण ऐकत मोठी झाले आहे. दहावीनंतर सायन्सलाच जायचं म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते, तेवढ्यावर ते कायमचं चिकटलं. भावानेही तेच केलं होतं, त्याला मात्र ‘जिद्दी’ म्हणाले.

पण चंद्रीला ‘हट्टी’ म्हणणं मला नंतर चुकीचं वाटायला लागलं. मी थोडं वाचलं, सासऱ्यांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं ते असं. जर्मन शेफर्डसारखी कुत्री घडवली गेली मेंढपाळाबरोबर काम करायला. मालकाने हात दाखवला की वळायचं, शीळ घातली की थांबायचं. पावलोपावली मालकाच्या तोंडाकडे बघणं हेच त्यांचं काम. कारवानी मात्र वासावर नाही, नजरेवर शिकार करते. माळावर ससा उठला की ती सुटते आणि मालक पाठीमागे राहतो. ससा आता कुठे वळेल, बांध ओलांडायचा की वळसा घालायचा, हे सगळं पळता पळता तिचं तिनेच ठरवायचं. विचारायला थांबली तर ससा गेला! शेकडो वर्षं माणसाने जी कुत्री स्वतःच्या डोक्याने चालली, तीच ठेवली, तिचीच पिल्लं वाढवली. आणि आता तिला पाचशे चौरस फुटांच्या क्वार्टरमध्ये आणून म्हणायचं, ‘बस म्हटलं की बस!’

आमच्याकडे कामाला येणारी बाई कोलामगुड्याची. तिच्या घरी दोन गावठी कुत्री आहेत. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला जाताना ती त्यांना बरोबर नेते, म्हणजे झुडपात काही असलं तर आधी कुत्र्याला कळतं. तिने एकदा भांडी घासता घासता चंद्रीकडे बघून मला जे सांगितलं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ‘मॅडम, थे आयकत नाही असं नाही जी. थे इच्यार करते.’

या विचार करणारीने मला पहिली दोन वर्षं काय काय दाखवलं! सोफ्याचा एक कोपरा तिने आपल्या नावावर करून घेतला. अंगावर चरबी नाही, कोपरांची हाडं टोचतात, त्यामुळे फरशीवर ती झोपूच शकत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी रोज तिला उतरवायची आणि ती रोज चढायची. आता तिथे सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची गोधडी असते. सासूबाई आधी ‘स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुत्रं नको’ म्हणून बसल्या होत्या. चंद्रीने उंबरा कधी ओलांडला नाही. उंबऱ्यावर हनुवटी ठेवून पडायची. तक्रार करायला जागाच नाही! ज्वारीची भाकरी, ताक आणि कधी उकडलेलं अंडं एवढ्यावर ती खूश असते. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो, तेव्हा कूलरसमोरची जागा तिची. आणि डिसेंबरात कुडकुडते म्हणून मुलाच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून तिला घालतो. ते घालून ती जी काही चालते, ते बघायला शेजारच्या मुली मुद्दाम येतात.

आणि तिचं पळणं! ते एकदा बघितलं की बाकी सगळं माफ होतं. कॉलनीत एक टेनिस कोर्ट आहे. कुणे एके काळी साहेब लोक खेळायचे, आता नेट गेलं, रेषा पुसल्या, पण चारी बाजूंची उंच जाळी शाबूत आहे. पहाटे साडेपाचला मी तिला तिथे सोडते. आधी ती नुसती उभी राहते. मग अंगातून काहीतरी लहर गेल्यासारखी थरथरते आणि सुटते. कमान वाकते, मागचे पाय कानांच्या पुढे येतात आणि पुन्हा बाण सुटल्यासारखी लांब होते. मध्येच एक क्षण चारही पाय जमिनीला लागलेले नसतात. पायांचा आवाज जवळजवळ येतच नाही, येतो तो श्वासाचा. पाच-सहा चकरा झाल्या की संपलं. मग जीभ बाहेर काढून माझ्याजवळ येऊन टेकून उभी राहते, सगळा भार माझ्या पायावर टाकून. तिचं प्रेम दाखवणं एवढंच. शेपटी हलवत अंगावर उड्या नाहीत, चाटणं नाही. टेकून उभी राहते. सहा वर्षांत एवढ्याची मला इतकी सवय झालीय, की भाजी घ्यायला उभी असले तरी डावा पाय जरा घट्ट रोवून उभी राहते.

टेनिस कोर्ट आम्हाला उशिरा सुचलं. त्याआधी जे झालं ते सांगायला मला आजही जड जातं.

२०२१ चा डिसेंबर होता. मी तिला पट्टा लावून धरणाच्या रस्त्याने फिरायला नेलं होतं. धुकं होतं. तुरीच्या शेतातून एक ससा रस्त्यावर आला, क्षणभर थांबला आणि पलीकडे कापसात शिरला. मला एक हिसका बसला. हातात बघते तर पट्टा आहे, कडी आहे, दोरी आहे आणि चंद्री नाही! या जातीची मान डोक्याइतकीच जाड असते. साधा गळपट्टा मागे रेटला की सरळ डोक्यावरून निघतो. जतमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी बाजारातून लाल रंगाचा, घुंगरू लावलेला छानसा पट्टा आणला होता!

मैत्रिणींनो, कुत्रं हरवणं सगळीकडेच वाईट, पण आमच्या भागात त्याला आणखी अर्थ असतात. आदल्याच वर्षी, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, राजुरा-विरूर भागातला आर. टी. १ हा वाघ पकडला गेला होता. आठ माणसं गेली होती त्याच्या हल्ल्यांत. बायकांनी शेतात जाणं सोडलं होतं. वाघाचं सोडा, बिबट्याला तर कुत्रं म्हणजे ताटात वाढलेलं. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याला विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास केला होता. त्यात वजनाच्या हिशोबाने जवळजवळ चाळीस टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. आणि याहून मोठी भीती होती ती तारेची. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण शेताच्या कुंपणात चोरून करंट सोडतात. त्यात डुकरं मरतात तशी गुरं मरतात, माणसं मरतात, वाघसुद्धा मेलेत.

सासूबाई नेहमी साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या समाधीची गोष्ट सांगतात. छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची ती समाधी. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी कथा आहे. त्या दिवशी मी कापसातून धावताना तीच गोष्ट डोक्यात घुमत होती आणि मला वाटत होतं, नको गं बाई, तू भित्री हो, वाघ दिसला तर शेपूट घालून पळून ये!

आठ तास. नवरा ड्यूटी सोडून आला, मुलगा शाळेत गेला नाही. दुपारी तीनला ती आपली आपण फाटकाशी येऊन उभी राहिली. छातीवर काटेरी तारेने वीतभर फाडलं होतं, पंजे रक्ताळलेले. तोंडाला काही लागलेलं नव्हतं, म्हणजे ससा वाचला होता. मी त्या सशासाठीही देवाला हात जोडले. कारण वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच कुत्र्यांकरवी पाठलाग करणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा येतं. ‘मी कुठे सोडली, ती सुटली’ हे वनखात्याला सांगायची वेळ आली असती तर काय झालं असतं, कोण जाणे. आणि कायदा राहू दे बाजूला, माझ्या हौसेपायी एक जीव गेला असता तो गेलाच असता.

छातीला चौदा टाके पडले. भूल देताना डॉक्टरांनी फार जपलं, कारण अशा सडसडीत शिकारी कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात, शुद्धीवर यायला वेळ लागतो. कारवानी पाळणाऱ्या प्रत्येकीने ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी.

पण जड जातं म्हणाले, ते हे नव्हे. ते पुढचं.

टाके सुकले आणि घरात ठरलं, की हिला आता शिस्त लावायची. नवरा म्हणाला, ‘लाडावून ठेवलीस.’ शेजारी म्हणाले, ‘मारल्याशिवाय ऐकणार नाही.’ मी घाबरलेली होते, मीही हो म्हटलं. शहरातून एक ट्रेनर बोलावला. नाव घेत नाही, त्याला त्याचं काम तसंच शिकवलेलं. ‘मॅडम, बॉस कोण ते हिला कळलं पाहिजे,’ असं म्हणून त्याने गळ्यात साखळी घातली, आवळली की फास बसणारी. हातात वेताची छडी. पहिल्या दिवशी ती ओरडली. दुसऱ्या दिवशी ओरडली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नुसती छडी उचलली आणि तिने उभ्या जागी लघवी केली. मी जाळीच्या दारामागे उभी होते. मी थांबवलं नाही.

चौथ्या दिवशी तो ‘सीट’ म्हणाला आणि चंद्री बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

त्या दिवसापासून तिने माझ्याकडे बघणं बंद केलं. हाक मारली की येऊ लागली. लगेच, मान खाली घालून. जांभई नाही, आळोखेपिळोखे नाहीत, विचार नाही. आल्यावर पायाशी बसायची, पण टेकायची नाही. सोफ्यावर चढेना. भाकरी मी ठेवली तर खायची नाही, मी खोलीतून गेल्यावर खायची. आम्हाला हवं होतं तसं ऐकणारं कुत्रं मिळालं होतं, आणि ते बघून मला रात्री झोप लागेना. ट्रेनरला नको म्हणून सांगितलं, पण झालेलं परत कसं फिरवणार?

मी दहा वेळा तिच्यासमोर जाऊन बसले, अंडं हातात धरून. ती तोंड फिरवायची. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ‘अगं, सारखी तिच्या तोंडाकडं काय बघतीस? पाठ करून बस आणि तुझं काम कर. राग जायला वेळ लागतोय. तुझा जातोय का लगेच?’

तुरीच्या ओल्या शेंगांचे दिवस होते. विदर्भातल्या माणसाला सोले म्हणजे काय ते सांगायला नको. मी रोज दुपारी अंगणात चटईवर बसायची, तिच्याकडे पाठ करून, टोपलंभर शेंगा पुढ्यात घेऊन. सोलत राहायची. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. कुणी तिला हाक मारायची नाही, असं घरात सांगून ठेवलं होतं. अकराव्या की बाराव्या दिवशी मागून नखांचा आवाज आला. मी मान वळवली नाही. माझ्या खांद्यावरून एक लांब नाक पुढे आलं, टोपल्यातली एक शेंग उचलली आणि मागे गेलं. ती शेंग तिने खाल्ली नाही, नुसती चघळून टाकली. मी मात्र त्या संध्याकाळी सोले-वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा घातलं, आणि कुणी काही बोललं नाही.

पाठीला भार जाणवायला आणखी तीन आठवडे लागले.

आता तिच्या गळ्यात चार बोटं रुंद चामड्याचा पट्टा असतो, सासऱ्यांनी जतहून बनवून पाठवलेला, ओढला तर जरासा आवळणारा पण न निसटणारा. त्याखेरीज छातीवरून पट्टे आणि तीस फुटी सुती दोर. पळायचं ते टेनिस कोर्टात, जाळीच्या आत. शेताकडे, धरणाकडे ती मोकळी कधीच जात नाही. तिचा स्वभाव मोकळा आहे म्हणून तिला मोकळं सोडायचं, ही चैन जंगलाच्या कडेला परवडत नाही, तिलाही आणि जंगलालाही. शिकवणं म्हणाल तर दिवसातून पाच मिनिटं. एकच गोष्ट तीन वेळा सांगायची. चौथ्यांदा सांगितली की ती निघून जाते, तिचं बरोबरच आहे. रस्त्यावर ‘थांब’ एवढं एक तिने ऐकलंच पाहिजे, त्यावर मी तडजोड करत नाही. बाकी ‘शेकहँड’ वगैरे करून दाखवायला आमच्याकडे सर्कस नाही.

लशींच्या बाबतीतही माझं तेच म्हणणं आहे. रेबीजची लस लोक निदान भीतीने तरी देतात, डिस्टेंपरची टाळतात. १९९४ मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीच्या सिंहांमध्ये हा कुत्र्यांचा रोग शिरला आणि सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह काही आठवड्यांत मेले, तेव्हा मेलेल्यांतल्या बऱ्याच जणांत तोच विषाणू सापडला. आमच्या भिंतीपलीकडे सिंह नसले तरी वाघ आहेत. आपल्या दारातलं कुत्रं आजारी पडणं हा इथे फक्त आपल्या घरचा प्रश्न नसतो.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळा असं सांगितलं, मुधोळचं नाव घेतलं. तेव्हापासून मला ओळखीतून फोन येतात, ‘एक पिल्लू बघा ना आमच्यासाठी.’ देशी जातीला मान मिळाला याचा आनंदच आहे. चंद्रपूरच्या उन्हात हस्कीला एसीत कोंडून ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण मी फोनवर पहिला प्रश्न विचारते, ‘सांभाळणार कोण?’ बहुतेक वेळा फोन केलेला असतो घरच्या पुरुषाने, हौस असते मुलाची, आणि उत्तर येतं, ‘आहे ना आमची ही घरी.’ मग मी म्हणते, तिला फोन द्या. पहाटे साडेपाचला थंडी-पावसात कोण उठणार, वर्षातून दोनदा मादी माजावर आली की फाटकाबाहेर जमणाऱ्या कुत्र्यांना कोण हाकलणार, सुट्टीत माहेरी जायचं झालं तर हिला कुठे ठेवणार, हे सगळं त्या ‘ही’ला विचारल्याशिवाय पिल्लू घरात आणू नका. तीन फोनमागे एक ‘ही’ ठाम नाही म्हणते. मला फार बरं वाटतं. आणि एकदा एक जण म्हणाली, ‘मला हवीय हो, पण मादीच हवी.’ तिला जतचा नंबर लगेच दिला.

आज पहाटे नेहमीसारखं झालं. चकरा संपल्या, मी दोर घेऊन कोर्टाच्या दाराशी उभी राहिले आणि ‘चल’ म्हटलं. चंद्री माणिकगडाकडे तोंड करून उभी होती. तिकडून मोराचा आवाज येत होता. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा डोंगराकडे, मग एक पाय पुढे ताणला. घरी दूध उतू गेलं असणार, नवऱ्याचा डबा राहिला होता, सात वाजता नळ येतो. मी जाळीला टेकून उभी राहिले. तिने दुसरा पाय ताणला, सावकाश जांभई दिली.